पहिली नाईट कुणासोबत?

(दृश्य: नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान. काउंटरवर निळी फाईल.)

चार वर्षांच्या मार्कशीट, डिग्री, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार. प्रत्येकाच्या पाच कॉप्या. ‘मावशी, ओरिजिनल परत घेतलंस ना?’ भाची तिसऱ्यांदा विचारते. घेतलं गं बाई.

ही डिग्री आमच्या गावचीच. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं, ते इथे नाशकात, म्हसरूळला. नर्सिंगवाली मुलगी गडचिरोलीची असो की सावंतवाडीची, बहुतेकींच्या पदवीवर याच विद्यापीठाचा शिक्का असतो. शिक्का मिळाला. पुढे काय, ते विद्यापीठ सांगत नाही. ते मावश्यांवर सोडलेलं असतं.

मी सतरा वर्षं नर्स आहे. भाचीला पहिल्या नोकरीसाठी तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय, म्हणून हा व्हिडिओ.

(दृश्य: सिडकोतला रस्ता, संध्याकाळ.)

पहिलं ठिकाण घरापासून चालत दहा मिनिटं. पंचवीस खाटा. पगार १३ हजार. जेवण घरचं, भाडं नाही, म्हणून ताई खूश. अट एकच, ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे जमा करायची. माझं तिथेच डोकं फिरलं. कागद अडकला की माणूस अडकतो. झेरॉक्स द्या, ओरिजिनल समोर दाखवा आणि परत फाईलमध्ये ठेवा.

पगाराचंही सांगते. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० च्या खाली पगार नको, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका हवा. हे मी भाचीला शिकवलं, तिनं भाबडेपणानं तिथे बोलून दाखवलं. उत्तर मिळालं, ‘मग कोर्टातच नोकरी कर.’

ते ठिकाण तिथेच संपलं.

(दृश्य: ठक्कर बाजार स्टँड, पहाटेची सुरगाण्याची एसटी.)

दुसरं ठिकाण बघायला आम्ही दोघी एसटीनं गेलो. दिंडोरी, वणी, पुढे घाट. सुरगाणा तालुक्यातलं एक सरकारी आरोग्य उपकेंद्र. पद समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे सीएचओ म्हणतात. कंत्राटी आहे, पण मानधन २५ हजार आणि कामाप्रमाणे आणखी १५ हजारांपर्यंत. नव्या मुलीला हा आकडा मोठा वाटतो आणि तो आहेच.

तिथली सीएचओ सिस्टर हसतमुख. बीपीची, शुगरची रजिस्टरं नीट आखलेली, भिंतीला गरोदर बायांची यादी. एक म्हातारा दोन कोस चालून गोळ्या घ्यायला आला होता. तिनं त्याचं बीपी घेतलं, आधीच्या पानावरचं बघितलं आणि म्हणाली, ‘बाबा, मधे आठ दिवस गोळ्या बंद होत्या ना?’ म्हातारा ओशाळला. हे काम मला आवडलं. खरंच आवडलं.

भाचीनं विचारलं, ‘रात्री साप चावलेलं कुणी आलं तर?’

‘१०८ ला फोन. धीर द्यायचा, हात-पाय हलवू द्यायचा नाही, आणि जिथे लस आहे तिथे लवकर पोचवायचं.’ मग थोडं थांबून, ‘फोन लागला तर. रेंज त्या आंब्याखाली येते. मी इथे यायच्या आधी दोन वर्षं वॉर्डात काढली, म्हणून निभतं.’

परतीच्या बसमध्ये भाची बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. नोकरी वाईट नाही. पहिलीच म्हणून जड आहे, असं माझं मत. तिच्या आईला ते पटलं नाही. ४० हजार सोडून कुणी देतं का!

(दृश्य: काळा पडदा. नंतर स्टीलच्या ट्रेमध्ये दोन प्लास्टिकच्या अँप्युल्स, शेजारी शेजारी.)

आता माझी गोष्ट. पहिली नोकरी, शहरातलंच एक हॉस्पिटल, नाव नको. जॉइन होऊन नववा दिवस. नाईटला मजल्यावर चौदा पेशंट आणि मी एकटी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण साध्या हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स असं आहे, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

रात्री एकला डॉक्टरांचा फोन. सहा नंबरचं पोटॅशियम कमी आलंय, एक अँप्युल केसीएल दे. कसं द्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. त्याची अँप्युल आणि पाण्याची अँप्युल, दोन्ही दहा एमएलच्या, दिसायला बहिणी. मी सिरिंजमध्ये भरलं आणि निघाले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची जुनी सिस्टर वर आली. ‘गुलाबी व्हेनफ्लॉन आहे का गं एखादं? आमचं संपलं.’ व्हेनफ्लॉन म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची सुई. सिस्टरची नजर सिरिंजवर गेली. ‘काय आहे?’

‘केसीएल.’

‘डायरेक्ट?’ तिनं माझं मनगट धरलं. ‘सलाईनच्या बाटलीत टाकतात ते, बाई. सावकाश जातं. असं दिलंस तर हार्ट बंद पडेल त्यांचं.’

सहा नंबरचे काका घोरत होते. त्यांना कधी कळलं नाही. खाली व्हेनफ्लॉन संपलं नसतं तर? हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

(दृश्य: मुंबई नाका, दुपारची वर्दळ.)

तिसरं ठिकाण मोठं हॉस्पिटल. १८ हजार हातात, वर्षभराचा करार. घरच्यांचं म्हणणं, यापेक्षा सरकारीची वाट बघ. अधिपरिचारिकेचं, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचं, मूळ वेतनच ३५,४०० पासून आहे. फॉर्म तिनं भरलाच आहे. पण जाहिरात, परीक्षा, निकाल, पडताळणी होईपर्यंत हात रिकामे ठेवले तर शीर सापडायची सवय जाते. जर्मनीचा विषयही काकांनी काढला होता. त्याला भाषेची बी-टू लेव्हल लागते म्हटल्यावर त्यांनीच मिटवला.

मुलाखतीत भाचीनं पगाराचं शेवटी काढलं. आधी विचारलं, ‘मॅडम, नाईटला वॉर्डात पेशंट किती, सिस्टर किती? पहिले तीन महिने मी कुणाच्या हाताखाली असेन?’ एचआरच्या मॅडमनी उत्तर न देता नर्सिंगच्या इनचार्ज सिस्टरना बोलावलं. त्या बाईंनी भाचीला थेट वॉर्डात नेलं आणि ड्युटी रोस्टर दाखवलं. नव्या मुलीच्या प्रत्येक नाईटसमोर एका सीनियरचं नाव होतं. रोस्टर कागदावर कसंही रंगवता येतं, हे मलाही कळतं. म्हणून मी भाचीला म्हटलं, रात्री साडेआठला जाऊन दारातून बघून ये. ती गेली. दोघी होत्या.

(दृश्य: अंधारी खोली. मोबाईलचा उजेड.)

तिची पहिली नाईट. पावणेतीनला फोन.

‘मावशी, झोपलीस? एका पेशंटला घाम सुटलाय, शुगर ५४ वर घसरलीय, डॉक्टर कॅज्युअल्टीत...’

मी उठून बसले. बोलायला तोंड उघडलं, तर मागून एका बाईचा आवाज आला. ‘अगं, फोन कुणाला करतेस? पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज काढ, मी आलेच.’

फोन कट.