नोव्होग्रुडोकचं भुयार

बेलारुसमधलं नोव्होग्रुडोक. जुलै १९४१ मध्ये जर्मन फौज इथे शिरली, तेव्हा गावातली सुमारे निम्मी वस्ती ज्यूंची होती. पुढच्या दोन वर्षांत एकामागून एक कत्तली झाल्या. मे १९४३ मध्ये जुन्या कोर्टाच्या आवारातल्या कामछावणीत शिंपी, चांभार, सुतार, जीनगर असे कारागीर तेवढे शिल्लक होते. जर्मनांना त्यांच्या हातांची गरज होती, म्हणून ते जिवंत होते. ७ मे रोजी त्यांतल्याही निम्म्यांना गोळ्या घातल्या. मागे राहिले अडीचशेच्या आसपास. आता कसबही वाचवणार नाही, हे त्यांना कळून चुकलं.

पहारेकऱ्यांवर तुटून पडायचा बेत मागे पडला. भुयार खणायचं ठरलं.

बराकीतल्या फळ्यांच्या पलंगाखालून खणायला सुरुवात झाली. भुयार जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटर रुंद आणि तेवढंच उंच. माणसाने कोपरांवर सरपटायचं आणि तसंच पडून खणायचं. छताची माती ढासळू नये म्हणून सुतारांनी कारखान्यातल्या फळ्या लपवून आणल्या आणि टेकू दिले.

खरी अडचण मात्र खणण्याची नव्हती, माती लपवण्याची होती. दोनशे मीटर लांबीचा हिशेब मांडला तर ऐंशी घनमीटर माती होते. वजन शंभर टनांच्या वर! अंगणात ताज्या मातीची ओंजळभर रास दिसली असती, तरी सगळ्यांचा जीव गेला असता. शिंप्यांनी ब्लँकेटं फाडून पिशव्या शिवल्या. माणसांची रांग त्या हातोहात मागे सरकवायची. अंतर वाढलं तसे लाकडी रूळ टाकले आणि दोराने ओढायची छोटी गाडी आली. माती आधी माळ्यावर पसरली. तिथे जागा संपल्यावर सुतारांनी बराकीत दुहेरी भिंती उभ्या केल्या आणि मधली पोकळी भरून काढली.

आत हवा इतकी कमी, की ज्योत तेवत नसे. छावणीतल्या वीजतंत्र्याने चोरून तार ओढली आणि भुयारात बल्ब लागले. या दिव्यांची आठवण ठेवा.

भुयाराचं तोंड आवाराबाहेरच्या उभ्या पिकात उघडायचं होतं. पण खणणं संपण्याआधीच कापणी झाली आणि शेत उघडं पडलं. मग आणखी पुढे, उंचवट्याच्या पलीकडे जाणं भाग होतं. अंगात त्राण नसलेल्या माणसांनी पुन्हा खणायला घेतलं.

२६ सप्टेंबर १९४३, रविवार. वादळी पावसाची रात्र मुद्दाम निवडली होती. छपराच्या पत्र्यांचे खिळे आधीच सैल करून ठेवलेले, म्हणजे वाऱ्यात पत्रे धडधडतील आणि माणसांची चाहूल लागणार नाही. वीजतंत्र्याने पहाऱ्याचे झोत बंद पाडले. कोणामागे कोणी जायचं, याची यादी तयार होती. त्याच क्रमाने एकेक जण आत शिरला.

आणि इथे घात झाला. उजळलेल्या भुयारातून माणसं एकदम मिट्ट काळोखात बाहेर आली. डोळ्यांना काही दिसेना, दिशा कळेना. काही जण जंगलाकडे म्हणून धावले ते थेट छावणीच्या रोखाने. पहारेकऱ्यांना वाटलं, पार्टिझनांनी, म्हणजे जंगलातल्या गनिमी लढवय्यांनी, हल्ला केला. त्यांनी गोळीबार सुरू केला. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत सत्तरएक जण मारले गेले.

वाचलेल्यांपैकी बहुतेक जण नालिबोकीच्या अरण्यात बिएल्स्की बंधूंच्या, म्हणजे ज्यू पार्टिझनांच्या, तळावर पोचले. तूव्हिया बिएल्स्की तिथे म्हातारी माणसं, बायका, मुलं कोणालाच परत पाठवत नसे, मग हातात बंदूक असो वा नसो. इतकी तोंडं जगवायला कारागीर हवेच होते. अर्ध्या जमिनीत खणलेल्या, ओंडके आणि मातीने शाकारलेल्या झोपड्यांच्या बाजूला चांभारांची, शिंप्यांची, बंदुका दुरुस्त करणाऱ्यांची कामं चालत. बेकरी, कातडी कमावायची जागा, न्हाणीघर, सगळं होतं. आजूबाजूच्या सोव्हिएत पार्टिझनांचे बूट आणि खोगिरं इथेच दुरुस्त होत. त्यामुळेच या तळाकडे नुसती खाणारी तोंडं म्हणून बघणं त्यांना परवडत नव्हतं.

जुलै १९४४ मध्ये लाल सेना आली. अरण्यातून बाराशेच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि चालत नोव्होग्रुडोकला निघाली.