वाकवलेल्या लाकडाचा कोटस्टँड

व्हिएन्नातील एका जुन्या घरात शिरताच दारालगत उभा असलेला हा कोटस्टँड पाहावा. मधोमध एक खांब, माथ्याशी चहूबाजूंना झुकलेले हॅट आणि कोट अडकवण्याचे आकडे, कमरेइतक्या उंचीवर छत्र्या नि काठ्या उभ्या राहाव्यात म्हणून एक कडे, आणि ओल्या छत्रीचे पाणी झेलायला तळाशी पत्र्याची तबकडी. आकड्याच्या वळणाबरोबर लाकडाच्या रेषाही वळल्या आहेत, त्या कुठेच तुटलेल्या नाहीत. हेच वळण करवतीने कापून काढले असते, तर भिजलेल्या जड लोकरी कोटाच्या भाराने आकडा तेथेच मोडला असता.

लाकूड न कापता वाकवण्याची ही रीत कारखान्यात रुजवली ती मिखाएल टोनेट यांनी. जर्मनीतील ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड गावी 1796 मध्ये जन्मलेले हे सुतार आधी पातळ पट्ट्या सरसाने चिकटवून वळण साधत. पण दमट हवेत सरस सुटतो, म्हणून अखंड दांडाच वाकवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. 1856 मध्ये पेटंट मिळाले आणि पुढच्याच वर्षी मोरावियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) कोरिचानी येथे, बीच या वृक्षाच्या जंगलांच्या मुलखात, कारखाना सुरू झाला.

आता पाहू तो मोरावियातीलच बिस्त्रित्से येथील 1861 चा कारखाना, जेथे आजही लाकूड हातांनीच वाकवले जाते. वाफेतून काढलेल्या बीचच्या दांड्याच्या बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी आवळतात. वाफवलेले लाकूड दाबले तर पुष्कळ दबते, ताणले तर मात्र लगेच फाटते. पट्टी हा ताण स्वतःवर घेते आणि लाकडाच्या वाट्याला केवळ दाब उरतो. टोनेट यांची खरी प्रतिभा आम्हाला या साध्या पट्टीत दिसते. दोन कामगार एकाच लयीत दांडा लोखंडी साच्यावर ओढत नेतात, कारण तो निवला की वळत नाही. मग साच्यासकट तो वाळवणीच्या खोलीत जातो.

सुटे भाग स्क्रूने जोडायचे असल्याने हे सामान खोक्यांत भरून दूरदेशी जाऊ लागले. मुंबईच्या इराणी हॉटेलांतील गोल बैठकीच्या खुर्च्या याच घडणीच्या. 1869 मध्ये पेटंट संपले, इतरही कारखाने या धंद्यात उतरले, आणि पुढे घरांचे दिवाणखाने आखडले तसे असे स्टँड दारातून हलले.

या स्टँडचा माथ्याकडचा एक स्क्रू नवा आहे. आकडे मात्र सगळे मूळचे आहेत.