पॅनलवरचा पिवळा दिवा

(दृश्य: वॉचमनची केबिन. भिंतीवर लाल रंगाची पत्र्याची पेटी. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर. कुठल्याही उंच इमारतीत शिरलात, की गेटजवळच्या केबिनमध्ये नाहीतर लॉबीच्या कोपऱ्यात ही पेटी दिसेल. हे फायर अलार्मचं पॅनल. त्यावरचा हिरवा दिवा लागला असेल तर वीज सुरू आहे. लाल लागला तर आग. आणि पिवळा लागला तर फॉल्ट, म्हणजे यंत्रणेतच कुठेतरी बिघाड आहे.

हा पिवळा दिवा लागतो कसा? मजल्यामजल्यांवरून फिरणाऱ्या वायरमधून पॅनल चोवीस तास थोडासा करंट सोडत असतं. वायरच्या शेवटच्या टोकाला एक बारीकसा रेझिस्टर जोडलेला असतो. ठरलेला करंट वाहत राहिला, की वायर शेवटपर्यंत शाबूत आहे हे पॅनलला कळतं. कुणी फॉल्स सीलिंग करताना वायर तोडली, रंगकामासाठी डिटेक्टर, म्हणजे छतावरचं धूर ओळखणारं उपकरण, उतरवून ठेवला आणि परत लावायचा राहिला, की करंट तुटतो, पिवळा दिवा लागतो आणि बझर वाजू लागतो. थोडक्यात, आपण आजारी आहोत हे ही यंत्रणा स्वतःहून सांगते.

आणि तरीही कितीतरी इमारतींत हा दिवा महिनोन्महिने तसाच जळत असतो. कारण शेजारी ‘सायलेन्स’ नावाचं एक बटण आहे. बझरची कटकट थांबवायला ते एकदा दाबलं की पुरतं.

(दृश्य: सोसायटीच्या कार्यालयातली फाइल. कागद उलटले जात आहेत.)

ही यंत्रणा सुस्थितीत ठेवायची कुणी, याबद्दल महाराष्ट्रातला कायदा अगदी स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. अंमल ६ डिसेंबर २००८ पासून. हा कायदा जबाबदारी टाकतो मालकावर आणि भोगवटादारावर. गृहनिर्माण सोसायटी असेल तर सोसायटीवर. बिल्डर ताबा देऊन निघून गेला, ही सबब चालत नाही.

यंत्रणा बसवायची ती परवानाधारक एजन्सीकडूनच. बसवल्यावर एजन्सी फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा बसवल्याचा दाखला देते. त्यानंतर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि सगळं चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी अग्निशमन दलाकडे द्यायचा. अग्निशमन अधिकारी इमारतीत येऊन पाहणी करू शकतात, त्रुटी दिसल्या तर नोटीस काढू शकतात, आणि नोटिशीला दाद दिली नाही तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत जाऊ शकतात. खटला उभा राहून दोष सिद्ध झाला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड.

कागदावर यात फारसं काही कमी नाही. कमी पडतं ते पुढे.

(दृश्य: परळ भागातले टॉवर. दुपार.)

२२ ऑगस्ट २०१८. परळच्या क्रिस्टल टॉवरच्या बाराव्या मजल्यावर आग लागली. चार जण गेले. इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालत नसल्याचं अग्निशमन दलाने त्याच दिवशी सांगितलं. त्या धुरात एका दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना कापडाचे ओले तुकडे नाकातोंडावर धरायला लावले. हे ती शाळेत शिकली होती. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. तो तिचा हक्काचाच. पण जे काम इमारतीच्या यंत्रणेचं होतं, ते एका लहान मुलीला निभवावं लागलं, हे त्या कौतुकात विसरून चालणार नाही.

९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. मध्यरात्र उलटून गेली होती. कक्षात सतरा बाळं होती. धूर पहिल्यांदा दिसला तो ड्यूटीवरच्या नर्सला. सात बाळं वाचवता आली. दहा गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडचा अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्णांचा त्याच दिवशी मृत्यू झाला.

अशा प्रत्येक आगीनंतर आपण बंब किती मिनिटांत पोहोचला ते विचारतो. त्याच्या आधीची मिनिटं कुणी मोजत नाही. धूर सुरू झाल्यापासून तो माणसाला कळेपर्यंतचा जो वेळ जातो, तो कमी करणं हेच अलार्मचं काम. अंथरुणाला खिळलेला रुग्ण, पाळण्यातलं बाळ, गुडघ्यांनी हैराण झालेल्या आजी, यांना बाहेर काढायला हीच मिनिटं हाताशी असतात.

(दृश्य: छतावरचा स्मोक डिटेक्टर, अगदी जवळून. झाकण उघडलं जातं.)

मग लोक हा अलार्म गप्प का करतात? निव्वळ बेफिकिरीने करतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. हा डिटेक्टर आतून पाहा. काळ्या प्लास्टिकची छोटीशी वळणावळणाची कोठडी. एका बाजूला इन्फ्रारेड प्रकाश सोडणारा एलईडी, दुसरीकडे तो टिपणारा सेन्सर, पण थेट समोरासमोर नव्हे. एरवी प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. धूर आत शिरला, की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म होतो.

पण हाच प्रकाश धुळीवरूनही विखुरतो. वाफेवरूनही. मिरचीच्या फोडणीचा ठसका, सत्यनारायणाचा धूप, आरतीचा कापूर, शेजारच्या फ्लॅटमध्ये चाललेली टाइल कापण्याची धूळ, यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून स्वयंपाकघरात धुराचा नाही, उष्णतेचा डिटेक्टर लावायचा असतो. जिथे चुकीच्या जागी चुकीचा डिटेक्टर बसतो, तिथे आठवड्याला दोनदा हूटर, म्हणजे अलार्मचा भोंगा, वाजतो, रात्री-अपरात्री माणसं जिना उतरतात, वॉचमनला शिव्या खाव्या लागतात. तिसऱ्या वेळी कुणी उतरत नाही. चौथ्या वेळी कुणीतरी पॅनलचा हूटरच काढून ठेवतो. रोग डिटेक्टरच्या जागेत असतो आणि इलाज होतो आवाजावर.

आवाजाचेही नियम आहेत. भारतीय मानक २१८९ नुसार झोपलेल्या माणसाला उठवायचं असेल तर उशापाशी किमान ७५ डेसिबल आवाज पोहोचला पाहिजे. बेडरूमचं दार बंद, आत एसी किंवा पंखा, आणि हूटर लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये. तो आतपर्यंत ऐकू येतो का, हे कधी कुणी दार लावून, आडवं होऊन पाहिलं आहे का?

(दृश्य: तंत्रज्ञ लांब दांडीच्या टोकाला लावलेल्या कपातून डिटेक्टरवर चाचणीचा धूर सोडतो. हूटर वाजतो.)

खरी तपासणी ही अशी असते. एकेका डिटेक्टरला चाचणीचा धूर द्यायचा. पॅनलवर बरोबर तोच मजला दिसतो का, ते खाली उभ्या असलेल्या माणसाने सांगायचं. काचेच्या लाल डब्या, ज्यांना सगळे ‘ब्रेक ग्लास’ म्हणतात, त्या किल्ली लावून वाजवून पाहायच्या. मग पॅनलची वीज बंद करायची. दाराआड बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांच्यावर पॅनल तग धरतं का, ते बघायचं. आग बऱ्याचदा विजेच्या डक्टमध्येच लागते, तेव्हा पहिली जाते ती वीज. फुगलेल्या, मुदत उलटलेल्या बॅटऱ्यांच्या जोरावर दिलेल्या फॉर्म बीला काही अर्थ नाही.

एवढं सगळं वीस मजल्यांच्या इमारतीत तासाभरात होत नाही. होत असेल तर ते झालेलं नाही.

आणि इथेच या व्यवस्थेचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. तपासणाऱ्या एजन्सीला निवडते सोसायटी, पैसे देते सोसायटी, आणि सगळं ठीक असल्याचा दाखला हवा असतो तोही सोसायटीलाच. प्रामाणिक एजन्सी दुरुस्तीचा मोठा आकडा सांगते, तेव्हा कमिटी तिला नारळ देऊन दुसरी शोधते. अग्निशमन दलाकडे प्रत्येक इमारतीत स्वतः जाऊन पाहण्याइतकी माणसं नाहीत. फॉर्म बी दिला गेला की नाही, याइतकाच तो कशाच्या आधारावर दिला गेला, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. डिटेक्टरनिहाय चाचणीची यादी फॉर्मसोबत जोडायची सक्ती झाली, तर यातला बराच पोकळपणा उघडा पडेल, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य: गच्चीचं दार. कडी, कुलूप.)

आता हे कुलूप. गच्चीवर कुणी जाऊ नये, चोर वरून उतरू नये, म्हणून लावलेलं. खिडक्यांना ग्रिल. खाली काचेच्या दाराला कार्ड दाखवल्याशिवाय न उघडणारं मॅग्नेटिक लॉक. चोरीची भीती खरी आहे, पण चोराला अडवणारी प्रत्येक गोष्ट आगीत घरच्या माणसालाही अडवते. म्हणून सुटकेच्या वाटेवरचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. मॅग्नेटिक लॉक फायर अलार्मला जोडलेलं हवं, आणि अलार्म होताच किंवा वीज जाताच ते आपोआप सुटलं पाहिजे. सीसीटीव्ही आणि अ‍ॅक्सेस कंट्रोलवाला एक, फायरवाला दुसरा. दोघे एकमेकांना कधी भेटतच नाहीत, आणि ही एक वायर जोडायची राहून जाते. पुढच्या तपासणीला दोघांना एकाच दिवशी बोलवा. हूटर वाजवा आणि दार ढकलून पाहा.

(दृश्य: रात्र. गेटवरचा वॉचमन रजिस्टरमध्ये नोंद करतो आहे.)

शेवटची गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. अलार्म वाजला म्हणजे बंब निघाला, असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक निवासी इमारतींतला अलार्म त्या इमारतीतच वाजतो. अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूमला तो कळत नाही. १०१ वर फोन माणसानेच करायचा असतो, आणि रात्री तो माणूस म्हणजे गेटवरचा वॉचमन. तो सिक्युरिटी एजन्सीचा, दर काही महिन्यांनी बदलणारा, अनेकदा शहरात नवा. त्याला इमारतीचा पूर्ण पत्ता येतोच असं नाही. म्हणून पॅनलशेजारी मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, एवढं लिहून चिकटवा: १०१, इमारतीचं नाव, रस्ता, जवळची खूण, किती मजले, बंबाला आत यायचं गेट कोणतं. आणि नवा वॉचमन रुजू झाला, की पहिल्याच दिवशी सेक्रेटरींनी त्याच्याकडून ते एकदा मोठ्याने वाचून घ्यावं.