जगज्जेत्यालाही परवाना लागतो

नमस्कार, श्रोतेहो.

सप्टेंबर 2025. जर्मनीतल्या नूर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक. जंगलातून, डोंगरउतारावरून वीसेक किलोमीटर वळणं घेत जाणारा. तिथे एक चालक परवाना मिळवायला आला होता. या ट्रॅकवर वेगवान गाडी शर्यतीत उतरवायची, तर आधी कमी ताकदीच्या गाडीतून शर्यत करून दाखवावी लागते. गडी निमूटपणे ताकद कमी केलेल्या पोर्श केमनमध्ये बसला आणि परवाना घेऊन गेला. पुढे दोनेक आठवड्यांत त्याच ट्रॅकवर फेरारीच्या जीटी-थ्री, म्हणजे शर्यतीसाठी बदललेल्या स्पोर्ट्स गाडीतून, जोडीदारासह, त्यानं शर्यत जिंकली. नाव मॅक्स व्हर्स्टापेन. फॉर्म्युला वनचा चार वेळा जगज्जेता.

हे सांगायचं कारण म्हणजे एक जुनाच वाद. इंडीकार या अमेरिकी शर्यतमालिकेतला, रॅलीतला किंवा मोटारसायकलवरचा कुणी गाजला की चाहते म्हणतात, याला फॉर्म्युला वनमध्ये आणा. लगेच दुसरी बाजू उठते: छे, ते येरागबाळ्याचं काम नाही! मग दोन्हीकडून नावं फेकली जातात.

पहिलं नाव ठरलेलं असतं, जॉन सर्टिस. मोटारसायकलवर सात जगज्जेतेपदं. 1960 मध्ये त्यानं पहिल्यांदा मोटारीतून शर्यत केली आणि त्याच वर्षी तो थेट फॉर्म्युला वनमध्ये उतरला. दुसऱ्याच शर्यतीत दुसरा आला, तिसऱ्या शर्यतीत पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करायची जागा, घेतली. 1964 मध्ये फेरारीतून जगज्जेता झाला, तोही ग्रॅहम हिलपेक्षा एका गुणानं पुढे राहून. दोन चाकांवर आणि चार चाकांवरही जगज्जेता झालेला माणूस आजवर हा एकच. म्हणून त्याचं उदाहरण देताना मला जरा संकोच वाटतो. साठ-पासष्ट वर्षांत दुसरा सापडत नसेल, तर तो नियम नव्हे, अपवाद.

अमेरिकेकडून आलेल्यांची यादी जास्त बोलकी आहे. मारिओ आंद्रेत्ती तिथली डेटोना 500 ही शर्यत जिंकला, इंडियानापोलिस 500 जिंकला आणि 1978 मध्ये लोटसमधून फॉर्म्युला वनचा जगज्जेताही झाला. त्याचा मुलगा मायकल 1991 चा कार्ट मालिकेचा विजेता. (हे लहान मुलांच्या गो-कार्टमधलं कार्ट नव्हे बरं का, अमेरिकेतल्या त्या वेळच्या मोठ्या मालिकेचं नाव.) 1993 मध्ये मायकल फॉर्म्युला वनच्या मॅक्लारेन संघात आला, तो जगज्जेत्या आयर्टन सेनाचा सहकारी म्हणून. सुरुवातीच्या शर्यतींत गाडी शेवटपर्यंत पोचेचना. एकदा सुरुवातीलाच गाडी जागच्या जागी बंद, शिवाय धडका. घर अमेरिकेत, काम युरोपात. त्यातच त्या वर्षी सरावाच्या फेऱ्यांवर मर्यादा आली. तेरा शर्यतींनंतर तो परतला. गंमत अशी की त्याची शेवटची शर्यत मोंझाची, आणि तिथे तो तिसरा आला होता. हात बसायला लागला आणि खुर्ची गेली!

तीन वर्षांनी त्याच मालिकेचा आणि इंडियानापोलिसचा विजेता झाक व्हिलनव्ह फॉर्म्युला वनच्या विल्यम्स संघात आला. मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत पोल, निकालात दुसरा क्रमांक आणि पुढच्या वर्षी, म्हणजे 1997 मध्ये, जगज्जेता. मग व्हिलनव्ह आंद्रेत्तीपेक्षा इतका सरस होता का? मला नाही तसं वाटत. विल्यम्सनं पहिल्या शर्यतीआधी त्याच्याकडून हजारो किलोमीटर चाचण्या करून घेतल्या होत्या. गाडीही त्या काळातली सर्वांत वेगवान होती. या वादात ही बाजू कुणी मांडतच नाही.

चाचण्यांना इतकं महत्त्व का, ते ब्रेकवरून कळेल. फॉर्म्युला वनच्या गाडीला वेगात हवा खाली दाबते. ताशी तीनशेच्या वेगात ब्रेक लावताना पहिल्याच क्षणी पाय पूर्ण ताकदीनं द्यायचा. वेग उतरतो तसा हवेचा दाब कमी होतो, टायरची पकड कमी होते, म्हणून पाय हळूहळू सोडत आणायचा, नाहीतर चाकं जाम. सैल मातीवरचा रॅलीचा चालक गाडी वळणाआधीच घसरवून तिचं तोंड फिरवतो. मोटारसायकलवाला अंगानं झुकून वळतो. हे तिघंही आपापल्या जागी उस्ताद, पण डोक्यानं समजलेलं पायापर्यंत पोचायला फेऱ्याच माराव्या लागतात. मुख्य म्हणजे जुनी सवय मोडावी लागते. नवी लावण्यापेक्षा ते अवघड. कार्ट मालिका 1997 आणि 1998 अशी सलग दोनदा जिंकलेला अलेक्स झानार्डी 1999 मध्ये विल्यम्सकडे आला, तेव्हा खाचांचे टायर आणि कार्बनचे ब्रेक यांच्याशी त्याचं काही जमलं नाही. आणि तो नवखाही नव्हता, आधी फॉर्म्युला वनमध्ये शर्यती केलेल्या होत्या. वर्षभरात एकही गुण नाही.

आता अलीकडचं चित्र पाहा. 2025 च्या हंगामापूर्वी चाचण्यांना तीन दिवस होते आणि प्रत्येक संघाला गाडी एकच. दोन चालकांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड दिवस! जुन्या गाड्यांवर सराव करता येतो, सिम्युलेटर आहेत, हे खरं. तरीही फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेचा जगज्जेता निक डी व्रीस 2023 मध्ये आला आणि दहा शर्यतींत घरी गेला. व्हिलनव्हला मिळाली तशी मुभा त्याला कुठून मिळणार?

दाराशीच अडवणारी गोष्ट म्हणजे सुपर लायसन्स, फॉर्म्युला वनमध्ये उतरायचा परवाना. 2015 मध्ये सतरा वर्षांचा व्हर्स्टापेन शर्यतीत उतरला आणि त्यानंतर नियम कडक झाले. अपवाद सोडता वय अठरा हवं, आणि इतर मालिकांतल्या क्रमांकांवरून परवान्यासाठी मिळणारे गुण तीन हंगामांत मिळून चाळीस हवेत. फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूमध्ये हंगामात तिसऱ्या आलेल्यालाही चाळीस गुण मिळतात. इंडीकारमध्ये चाळीस मिळतात ते फक्त विजेत्याला. 2022 मध्ये फॉर्म्युला वनच्या रेड बुल संघाला कोल्टन हर्टा आपल्या दुसऱ्या संघात हवा होता. इंडीकारमध्ये सात शर्यती जिंकलेला हा मुलगा बत्तीस गुणांवर अडकला आणि परवाना नाकारला गेला. त्याआधी 2009 मध्ये रॅलीचा सम्राट सेबास्तियन लोबलाही अबू धाबीच्या शर्यतीसाठी नकारच मिळाला होता.

लोबच्या बाबतीत मी नियमाच्या बाजूनं आहे. एकटा घड्याळाशी झुंजणं वेगळं आणि वीस गाड्यांच्या गर्दीत पहिल्या वळणात शिरणं वेगळं. हर्टाच्या बाबतीत मात्र तो तराजूच खोटा वाटतो. ताशी साडेतीनशेच्या पुढच्या वेगात चाकाला चाक लावून लढणाऱ्याकडून आणखी कसला दाखला हवा? नूर्बुर्गरिंगवाले बरे म्हणायचे. गाडीत बसवतात, चालवायला लावतात, मग ठरवतात.

हर्टानं शेवटी लांबची वाट धरली. 2025 मध्ये कॅडिलॅकच्या नव्या संघानं त्याला चाचणी चालक म्हणून घेतलं आणि 2026 साठी तो पंचविसाव्या वर्षी इंडीकार सोडून फॉर्म्युला टूकडे वळला. तिथली बरीच मुलं विशीच्या आतबाहेरची. काहींना हा अपमान वाटला, मला तो शहाणपणा वाटतो. फॉर्म्युला टूच्या शर्यती फॉर्म्युला वनबरोबर, त्याच ट्रॅकवर होतात. टायरही पिरेलीचेच. सराव मात्र पंचेचाळीस मिनिटांचा, तेवढ्यात नवा ट्रॅक पाठ करायचा. रविवारी बहुतेक ठिकाणी आधी त्यांची शर्यत होते, आणि मग त्याच ट्रॅकवर कॅडिलॅकच्या दोन गाड्या उतरतात, पेरेझ आणि बोटास यांच्या. हर्टा तोवर हेल्मेट काढून गॅरेजमध्ये आलेला असतो, कानाला हेडफोन लावून त्यांचं बोलणं ऐकायला.

नमस्कार.