नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे

(वर्धा जिल्ह्यातील एका गावच्या ग्रामपंचायत सभागृहात एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ही प्लॅस्टिकची पिशवी बघा. मागे बसलेल्यांना दिसणार नाही, म्हणून आत काय आहे ते सांगतो. शंभर रुपयांचा एक स्टॅम्पपेपर आहे, लॅमिनेशन केलेला. निळ्या शाईत हातानं लिहिलेला मजकूर, खाली दोन सह्या, एक अंगठा आणि नोटरीचा गोल शिक्का. कागद माझ्या मावशीचा आहे. २००९ साली तिनं गावातलं दोन खोल्यांचं घर, मागच्या कोठ्यासकट, शेजाऱ्याकडून ऐंशी हजारांना घेतलं. कापसाचे पैसे आले होते, कमी पडले ते गळ्यातली पोत मोडून घातले. तेव्हापासून ती दरवर्षी घरटॅक्स भरते, नमुना आठवर तिचं नाव आहे. मागच्या वर्षी घरावर कर्ज काढायला बँकेत गेली, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘आजी, खरेदीखत कुठाय?’ ती तडक माझ्याकडे आली. म्हणाली, ‘बापू, मी इतके वर्सं टॅक्स भरून राहिली, मंग हे घर माहं नाही काय?’

चोवीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो मी. लोकांचे हजारो कागद वाचले आणि घरच्या माणसाचा एक कागद कधी मागून पाहिला नाही. त्याचं वाईट वाटतं, म्हणून आज इथं आलो.

नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. घराचा कर कोणाकडून वसूल करायचा, एवढंच ती सांगते. मालक कोण हे ती ठरवत नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो. आज शंभर रुपयांत काय येतं? म्हणजे प्रत्येक घर, प्रत्येक प्लॉट, कोठ्याची पडकी जागासुद्धा त्यात आली. नोटरीचा शिक्का फक्त एवढं सांगतो की या माणसांनी माझ्यासमोर सही केली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला नाही तर विक्री झाली, असं कायदा म्हणतच नाही. खरेदीखताचा खर्च वाचवला म्हणून आपण खूश असतो, पण तो खर्च पुढच्या पिढीच्या माथी जातो, आणि दहापट होऊन जातो.

आता तुमच्यापैकी कितीतरी गावांत चुन्यानं हद्दीच्या खुणा करून ड्रोन उडाला असेल. ती स्वामित्व योजना, २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेली. तिच्यातून गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका तयार होते. हे फार मोलाचं काम आहे, कारण शेताला सातबारा होता, पण गावठाणातल्या घराला तसा कागद बहुतेक गावांत नव्हताच. पण ड्रोन वरून छप्पर पाहतो, छपराखाली कोण राहतं ते त्याला दिसत नाही. ते ठरतं चौकशीच्या दिवशी. भूमी अभिलेखचे लोक गावात येतात, कागद मागतात, नावं लिहून घेतात. त्या दिवशी निंदणाला जाऊ नका. विशेषतः ज्या बहिणीचा नवरा वारला आहे आणि नमुना आठवर अजून सासऱ्याचं किंवा दिराचं नाव आहे, तिनं तिथं स्वतः उभं राहायला पाहिजे. तिच्या वतीनं दीर बोलला, असं नको.

आता प्लॉटकडे येतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथं बुडतो. सेलू-आर्वीकडून समृद्धी महामार्ग गेला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि आजूबाजूच्या वावरांत दगड रोवले गेले. तुरीच्या धसकटांत पांढरे दगड, मध्ये मुरमाचा रस्ता आणि फाट्यावर फ्लेक्स: ‘आजच बुक करा’. हजार फुटांचा प्लॉट, बयाणा पन्नास हजार, बाकी हप्त्यानं. आणणारा दलाल बहुतेक वेळा आपल्याच ओळखीचा असतो, साडूचा भाऊ नाहीतर मुलाचा मित्र. त्याच्यावर अविश्वास दाखवणं आपल्याला जड जातं. म्हणून मी म्हणतो, माणसावर विश्वास ठेवा, पण कागद विचारा. विचारल्यानं नातं तुटत नाही.

पहिला प्रश्न, सातबारा शेतीचा आहे की जमीन अकृषिक झाली आहे? शेतीच असेल तर दोन कायदे आडवे येतात. एक आपल्या विदर्भासाठीचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय विकता येत नाही. दुसरा १९४७ चा तुकडेबंदी कायदा, ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकडा विकू न देणारा. २०२३ च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं किमान क्षेत्र वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर, आणि बागायतीचं दहा गुंठे ठरलं. हजार फूट म्हणजे एक गुंठाही भरत नाही. मग दस्त होत नाही आणि दलाल म्हणतो, ‘नोटरी करून देतो, नंतर पाहू’.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं अध्यादेश काढून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायचा मार्ग मोकळा केला. पण तो सरसकट प्रत्येक वावराला नाही. नगरपालिका, नगरपंचायत, विकास प्राधिकरण किंवा आराखड्यात रहिवासासाठी दाखवलेली जागा, अशा क्षेत्रांसाठी आहे. आणि ज्यांचा दस्तच नोंदलेला नाही, त्यांना मुद्रांक शुल्क भरून तो नोंदवावा लागतो. ‘सगळं माफ झालं’ असं सांगत कोणी प्लॉट विकायला आला, तर त्याच्याकडून गट क्रमांक लिहून घ्या आणि तहसीलला जा. आज पाडलेला तुकडा त्या तारखांत बसत नाही.

दुसरा प्रश्न रेराचा, म्हणजे घरं-प्लॉट विकणाऱ्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा. कायदा केंद्राचा, २०१६ चा. राज्याचे नियम आणि ते राबवणारं महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून आहेत. लोकांना वाटतं हे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचं काम आहे. तसं नाही, प्लॉटही त्यात येतो. नियोजन क्षेत्रात ५०० चौरस मीटरच्या वर जागा आणि आठापेक्षा जास्त प्लॉट असलेला लेआउट नोंदणीशिवाय विकता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. अशा प्रकल्पातले प्लॉट विकणाऱ्या दलालालाही नोंदणी लागते. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ अक्षरानं सुरू होतो, दलालाचा ‘ए’नं. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. घरातल्या पोराला मोबाइल धरायला सांगा, दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं. आणि एक गोष्ट पाठ करा: करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. बयाण्याच्या नावाखाली निम्मे पैसे मागणारा कायदा मोडतो.

जे दलाल नोंदणी करून, परीक्षा देऊन हे काम करतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. अशा माणसाला त्याची दलाली खुशाल द्या, घासाघीस करू नका.

किरायाच्या खोल्यांबद्दल थोडक्यात सांगतो. विदर्भात आधी १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता. किरायेदाराला नोटीस द्यायची तरी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची, म्हणून कित्येकांनी घराला कुलूप लावलं पण किरायानं दिलं नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. तो अनुसूचीतल्या शहरांना लागू आहे, प्रत्येक खेड्याला नाही. पण तुमचं तालुक्याला घर असेल, जिनिंगच्या मजुरांना किंवा आयटीआयच्या पोरांना खोल्या दिल्या असतील, तर ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज सोडा. त्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास किरायेदार अटी सांगेल त्या खऱ्या धरतात, वर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. किराया थकला म्हणून वीज-पाणी तोडणंही गुन्हा आहे. एप्रिलच्या उन्हात पोरांच्या खोलीची लाइन कापलेली मी पाहिली आहे. घरमालक शिकलेला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, मला हे कारण पटत नाही.

खरेदी करताना घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, एप्रिल २०२१ पासून. माझ्याकडे येणाऱ्या दहा खरेदीदारांपैकी फार थोडे ती मागतात.

मावशीचं काय झालं, ते विचारताय. विकणारा शेजारी वारला. त्याचे चार वारस. चौघांच्या सह्या झाल्या तरच खरेदीखत होईल. दोघं गावातच आहेत, दोघांनी पहिल्याच दिवशी हो म्हटलं. तिसरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहे, दिवाळीत येऊन त्यानं निबंधकासमोर मुखत्यारपत्र करून दिलं. राहिली बहीण, बल्लारपूरला दिलेली. तिला फोन केला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बाबानं पैसे घेतले होते, मले आठवते. माह्या लग्नातच गेले ते. पोळ्याले येतो, सही करतो.’ मुद्रांकाचे पैसे मावशीनं वेगळे काढून ठेवले आहेत, याच पिशवीत.