वेश साधा, कागद जपलेला

नमस्कार मंडळी. तलावपाळीची फेरी सोडून तुम्ही आलात, तर थेट विषयालाच हात घालते.

१६ मार्च १९८६ रोजी परदेशी प्रवाशांना लुबाडणारा, त्यांचे जीव घेणारा चार्ल्स शोभराज दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला. वाढदिवसाचं निमित्त सांगून पहारेकऱ्यांना मिठाई वाटली, त्यात गुंगीचं औषध. हा त्याचा जुनाच हातखंडा. प्रवासात भेटलेल्या परदेशी तरुणांशी ओळख काढायची, घरी ठेवून घ्यायचं, त्यांची तब्येत बिघडली की स्वतः औषध द्यायचं. आजारी पाडणारा तोच आणि उशाशी बसणाराही तोच! पासपोर्ट जायचे, पैसे जायचे, कित्येकांचा तर जीव गेला.

मुंबईचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे त्याच्या मागावर गोव्यात गेले. १९७१ मध्ये त्यांनीच त्याला मुंबईत पकडलं होतं, त्यामुळे चेहरा पाठ. पर्वरीच्या 'ओ कोकेरो' हॉटेलात ते आणि त्यांचे सहकारी साध्या वेशात, गिऱ्हाईक होऊन बसायची. साध्या वेशातल्या तपासात निम्मं काम हे असं बसून राहण्याचंच असतं. चहा गार होतो, नजर दारावरून हलवायची नाही आणि कंटाळा चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. ६ एप्रिलला तो आला. झेंड्यांनी जाऊन धरलं, नावानं हाक मारली. बेड्या नव्हत्या, म्हणून दोरीनं बांधून मुंबईला आणला.

ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला मात्र दुसरा माणूस जास्त मोठा वाटतो. हर्मन निपेनबर्ग, बँकॉकच्या डच वकिलातीतला तरुण अधिकारी. १९७६ मध्ये दोन बेपत्ता डच प्रवाशांचा शोध घेताना त्यानं शोभराजविरुद्ध कागद गोळा केले आणि पुढे कित्येक वर्षं जपून ठेवले. २००३ मध्ये शोभराज काठमांडूत सापडला, तेव्हा ते कागद त्यानं पुन्हा बाहेर काढले.

मी ठाणे कोर्टात फौजदारी वकिली करते. फसलेली माणसं येतात ती मान खाली घालून. "मॅडम, सुनेला कळू देऊ नका." आणि लगेच, "पण बोलायला किती चांगला होता हो!" लाजेपायी पावत्या फाडतात, मेसेज पुसून टाकतात. नेमकं तेच त्या भामट्याला हवं असतं. ही लाज त्याची आहे, तुमची नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि तरी दर वेळी नव्यानं सांगावं लागतं.

नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं गुंतवणुकीच्या सगळ्या पावत्या जाळल्या होत्या. फसवणारा माणूस नेमका कधी कधी घरी आला, हेही आठवेना. मग स्वयंपाकघरातली हिशेबाची वही निघाली. तारखेसकट लिहिलेलं: 'त्यांच्यासाठी साजूक तूप पाव किलो. थालीपीठ आवडतं.' अशा अकरा नोंदी. जबाबातल्या अकराही तारखा आम्ही त्या वहीवरून घातल्या.