दोन पेस्लिपा, टीडीएस शून्य

रबाळे स्टेशन, संध्याकाळची गर्दी. हे सर बघा, गाडी यायच्या आत गळ्यातलं कंपनीचं निळं आयकार्ड काढून बॅगेत टाकतात आणि दुसरं घालतात, क्लासचं. दिवसभर एमआयडीसीत क्वालिटीचं काम, मग ऐरोली, दिघा गाव, ठाणे, आणि रात्री नऊपर्यंत नौपाड्यात दहावीचं गणित. कंपनीची लेखी परवानगी आहे, क्लासमध्येही ते पगारावरच आहेत, लपूनछपून काहीच नाही.

हे कळव्याचं घर. टेबलावर दोन पेस्लिपा शेजारी शेजारी. टीडीएसची, म्हणजे पगारातूनच आधी कापून घेतलेल्या टॅक्सची ओळ बघा, दोन्हीकडे शून्य. २०२५-२६ हे आर्थिक वर्ष सुरू झालं तेव्हापासून दर महिन्याला शून्यच, त्यामुळे सरांना वाटलं आपल्याला टॅक्स बसतच नाही, १२ लाखांपर्यंत माफ आहे असं सगळीकडे ऐकलेलं होतंच ना.

इथेच भल्याभल्यांची फसगत होते. प्रत्येक ऑफिस आपल्यापुरतं बघतं. कंपनीने वर्षाचे ९ लाख धरले, क्लासने ५ लाख, दोघांनी नव्या करपद्धतीने हिशोब केला, दोघांनी ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातून मिळणारी सरसकट वजावट दिली आणि वर रिबेटही, म्हणजे ती १२ लाखांपर्यंतची टॅक्समाफी दिली. पण पॅन एकच आहे. डिडक्शन एकदाच मिळतं आणि टॅक्स लागतो तो १४ लाखांच्या बेरजेवर. आणि हे पगार देणाऱ्यांपैकी कोणीच सांगत नाही, खरं तर जॉइनिंगच्या दिवशीच सांगायला हवं.

आता हे नीट बघा. डिसेंबरचा पहिला आठवडा, क्लास सुटलाय, बाकं रिकामी, आणि सर फळ्यावर स्वतःचंच गणित मांडतायत. १४ लाखांतून ७५ हजार गेले, राहिले १३ लाख २५ हजार, १२ लाखांच्या बरेच वर, म्हणजे रिबेट गेली. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, २० हजार. त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, ४० हजार. उरलेल्या सव्वा लाखावर १५ टक्के, १८,७५०. झाले ७८,७५०, त्यावर ४ टक्के सेस. ८१,९०० च्या खाली सर दोन रेघा ओढतात, पोरांना ओढायला लावतात तशाच.

मग हा २०२५-२६ साठीचा फॉर्म १२बी. यात क्लासचा पगार, तिथे कापलेला टीडीएस, सगळं भरून कंपनीच्या एचआरला द्यायचं, म्हणजे कंपनी दोन्ही पगार मिळून टॅक्स कापते. ज्यांना एका ऑफिसला दुसऱ्याचं सांगायचं नसेल त्यांनी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये जाऊन ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आतच हप्त्यांनी भरायचा टॅक्स, स्वतः भरायचा, टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त निघत असेल तर तो भरावाच लागतो, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या चार तारखांना. चुकलात की महिन्याला १ टक्का व्याज.

सरांचे जानेवारी ते मार्च दर महिन्याला २७,३०० कापले गेले, घराचा हप्ता उरलेल्या पगारातूनच काढला.

ही मार्चची पेस्लिप. सर ती आधीच्या शून्यवाल्या पेस्लिपांवर ठेवतात, फाईल बंद करतात आणि उद्याच्या पेपरचे गठ्ठे पुढे ओढतात.